घरात ज्या विषयावर आवाज चढतो, तो विषय काढायचा कसा?

कृष्णाकाठ

मंडळी, जरा मोठं लिहिते आहे, सांभाळून घ्या.

धाकट्या भावाचं लग्न पुढच्या महिन्यात आहे, कराडजवळच्या आमच्या गावी. वडील जाऊन अकरा वर्षं झाली. आमच्याकडे लग्नाआधी जात्यावर हळद दळायची पद्धत आहे. पाच सवाष्णी जात्याला सुपारी-हळकुंड बांधतात, खुंट्याला हात लावतात, ओव्या म्हणतात. या ओव्या माझ्या आईला जितक्या येतात तितक्या आमच्या भावकीत कुणालाच येत नाहीत. वडील होते तेव्हा गल्लीत कुणाचंही लग्न निघालं की हळदीला आईला बोलावणं ठरलेलं.

दोन वर्षांपूर्वी चुलतबहिणीचं लग्न झालं. अंगणात जातं फिरत होतं आणि आई आत स्वयंपाकघरात लसूण सोलत बसली होती. बाहेरच्या बायका दोन ओव्या म्हणून अडल्या. आईने आतून पुढची ओळ सांगितली. त्यांनी म्हटली. परत अडल्या, परत आईने आतून सांगितली. मी दारात उभी होते. एका बाजूला आई दिसत होती, दुसऱ्या बाजूला जातं, मधे उंबरा. लसणाच्या पाकळ्या ताटलीत पडत होत्या आणि ती मान वर न करता ओळी सांगत होती. तेव्हापासून ते डोळ्यांसमोरून हलत नाही.

भाऊ म्हणतो, माझ्या लग्नात जात्याला पहिला हात आईचाच लागणार. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. ते म्हणतात, "असलं काय अंगणात होणार असंल तर मी मांडवात पाय ठेवणार न्हाय."

आता काकांबद्दल सांगते. वडील गेल्यावर आमची जमीन त्यांनीच कसली. उसाचं बिल आलं की आमचा वाटा आधी आईच्या हातात, मग बाकीचा हिशेब. भावाची कॉलेजची फी दोन वर्षं त्यांनी भरली, आणि आजवर एकदाही बोलून दाखवलं नाही. त्यांना "बुरसटलेले" म्हणून मोकळं होणं मला जमत नाही. गेल्या रविवारी जेवताना विषय निघाला. भाऊ म्हणाला, "तुम्हाला आमची आई अपशकुनी वाटते का?" काका भरल्या ताटावरून उठले. तेव्हापासून फोन नाही.

सगळे म्हणतात, लग्नघर आहे, वाद नको, विषय सोडून दे. पण विषय सोडून देत देतच अकरा वर्षं गेली की. मला हा विषय बोलायचा आहे आणि काकाही हवे आहेत. अशा गोष्टींवर तुमच्या घरात नीट बोलणं कधी झालंय का? कसं झालं?

---

शेवंती

वाचून पोटात तुटलं. आमच्याकडे असं बोलणं कधी झालंच नाही, त्यामुळे सांगण्यासारखं काही नाही. वाचत राहीन.

---

जुनं_पान

ताई, शाळेत इतिहास शिकवला आयुष्यभर, म्हणून माझं मन तिकडेच जातं. तुमच्या घरात आज जो प्रश्न आहे तोच प्रश्न पुण्यात दोन मित्रांमध्ये पेटला होता.

टिळक आणि आगरकर. १८८१ साली 'केसरी' निघाला तेव्हा त्याचे पहिले संपादक आगरकर. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात (तिथल्या दिवाणाविरुद्ध छापलेल्या मजकुरावरून झालेला बदनामीचा खटला) दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात बरोबर १०१ दिवस काढले. पुढे मतं फाटली. आगरकरांना विधवांचं केशवपन, बालविवाह यांवर आधी बोलायचं होतं. टिळकांना आधी राजकारण हवं होतं. १८८७ मध्ये आगरकरांनी 'केसरी' सोडला आणि १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. "इष्ट असेल ते बोलणार व साध्य असेल ते करणार" हा त्यांचा बाणा.

१८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला, म्हणजे बायकोशी शरीरसंबंधाचं किमान वय वाढवणाऱ्या कायद्याला, टिळकांनी कडाडून विरोध केला हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच्या आदल्या वर्षी टिळकांनीच पुढे केलेली कलमं सहसा कुणी सांगत नाही: मुलीचं लग्न सोळाच्या आत करू नये, मुलाचं विसाच्या आत करू नये, चाळिशीनंतर लग्न करायचंच तर विधवेशी करावं, विधवेचं वपन करू नये. ज्यांना मान्य आहे त्यांनी स्वतःवर ही बंधनं घालून घ्यावीत. परक्या सरकारने कायदा करू नये, एवढा त्यांचा मुद्दा होता. म्हणजे भांडण "विधवांचं भलं व्हावं की नको" असं नव्हतंच. कुणी करायचं आणि कोणत्या वाटेने, यावर होतं. दोन्ही बाजूंचे अनुयायी ओरडायला लागले आणि हा फरक त्यात बुडाला.

१८९५ च्या जूनमध्ये आगरकर गेले, चाळिशीही गाठली नव्हती. 'केसरी'तला मृत्युलेख टिळकांनी लिहिला. तो सांगताना त्यांना रडू आवरेना असं म्हणतात.

काकांचं नेमकं कशावर अडलंय ते आधी विचारा. कदाचित तुम्ही समजताय त्यावर अडलेलं नसेल.

---

काळी_माती

जुनं_पान सर, तुमच्या ज्ञानाबद्दल आदर आहे, पण ही गोष्ट इतकी गोड नाही. आगरकर जिवंत असताना पुण्यात त्यांची प्रेतयात्रा काढली लोकांनी. कायद्याच्या बाजूची सभा क्रीडाभुवनात उधळली गेली. आणि तो कायदा होता काय, तर वय दहावरून बारा करण्याचा. दहावरून बारा! एवढ्यासाठी महिनोन्महिने शास्त्रार्थ. संस्कृत पंडित भांडारकर धर्मशास्त्रातलं एक वचन काढतात, टिळक दुसरं. कलकत्त्यात फुलमणी नावाची मुलगी नवऱ्याच्या हातून मेली होती, म्हणून तर हा विषय ऐरणीवर आला. ज्यांच्याबद्दल चाललं होतं त्यातली एक तरी मुलगी त्या सभांत बसली होती का?

मी एकतिसाव्या वर्षी विधवा झाले. माझ्या बांगड्या फोडल्या तेव्हा एक काच मनगटात घुसली होती. नणंदेने ती काढली, हळद लावली, आणि उरलेल्या बांगड्या फोडल्या. तिचा माझ्यावर जीव होता, आजही आहे. मला कुणीही वाईट वागवलं नाही, सगळं प्रेमानेच केलं.

म्हणून "आदराने बोला" हे ऐकलं की माझा पहिला प्रश्न असतो, कुणाचा आदर? १८८५ साली मराठी ग्रंथकार सभेचं निमंत्रण आलं तेव्हा जोतीराव फुल्यांनी जायला नकार दिला आणि पत्र लिहून कारणं सांगितली. जे लोक माणसाचे हक्क मनापासून द्यायला तयार नाहीत त्यांच्या सभेत आम्ही मिसळून उपयोग नाही, असा त्याचा आशय. कधी कधी न बसणं हेही उत्तर असतं.

आणि कृष्णाकाठ, रागावू नकोस. तुझं लिखाण मी दोनदा वाचलं. काकांना काय वाटेल ते आहे, भावाला काय हवं ते आहे, तुला काय दिसलं ते आहे. आईला काय हवंय, यावर एक ओळ नाही. तिला विचारलंस का?

---

कृष्णाकाठ

नाही विचारलं.

खरंच नाही विचारलं. तुमचा प्रतिसाद वाचून अर्धा तास नुसती बसून होते.

---

जुनं_पान

काळी_माती, तुमचं म्हणणं मान्य. प्रेतयात्रेचा उल्लेख मी करायला हवा होता. त्या सभांत मुली नव्हत्या, हेही खरं.

त्या पत्राशेजारी फुल्यांच्याच आयुष्यातल्या आणखी दोन गोष्टी ठेवतो. १८७५ साली पुण्यात दयानंद सरस्वतींची मिरवणूक निघाली. विरोधकांनी गाढवाची मिरवणूक काढून धिंगाणा घातला. दयानंदांचं सगळं तत्त्वज्ञान फुल्यांना पटत नव्हतं, तरी रानड्यांच्या विनंतीवरून ते आपली माणसं घेऊन त्या मिरवणुकीत चालले. आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकरांवर खटला झाला तेव्हा दहा हजारांचा जामीन उभा केला तो सत्यशोधक समाजातल्या रामशेट उरवणे यांनी, फुल्यांच्या सांगण्यावरून. दहा हजार रुपये, त्या काळातले! पत्र त्यानंतर तीन वर्षांनी लिहिलंय. ज्यांच्याबरोबर चालायचे त्याच रानड्यांच्या सभेला नकार दिला. दोन्ही एकाच माणसाने केलं. मला वर्गात मुलांना हे समजावताना नेहमी अडखळायला व्हायचं, आणि आता वाटतं की अडखळलो तेच बरं.

---

माजघर

मी काकांच्या बाजूने लिहितो आहे. पटणार नाही बऱ्याच जणांना, तरी लिहितो.

मी स्वतः हे विधी मानतो. माझ्या दृष्टीने सवाष्णींनी हळद दळणं याला एक अर्थ आहे: ज्यांचा संसार भरलेला आहे त्यांनी नव्या संसाराला हात लावावा. यात विधवेचा अपमान करण्याचा हेतू नसतो. मुंज न झालेला मुलगा काही विधींना बसत नाही, सुतक असलेला देवघरात जात नाही, त्यातलाच हा प्रकार. विधी पाळायचा नसेल तर पाळू नका, नोंदणी लग्न करा, मला त्यात काही गैर वाटत नाही. पण विधी ठेवायचा आणि त्यातलं मर्म काढायचं, हे मला पटत नाही.

दुसरं, गावातल्या वडीलधाऱ्यांच्या मनात बऱ्याचदा एक भीती असते, ती ते उघड सांगत नाहीत. उद्या नवरानवरीला काही झालं, साधा अपघात जरी झाला, तर गाव बोट कुणाकडे दाखवेल? त्या बाईकडेच. तिला मागे ठेवणारा माणूस कधी कधी तिला वाचवतो आहे असं समजत असतो. बरोबर की चूक ते तुम्ही ठरवा. पण "आई अपशकुनी वाटते का" हा प्रश्न त्या माणसाला फार लागला असणार.

---

काळी_माती

माजघर, सुतक दहा दिवसांत फिटतं. मला विधवा होऊन चौदा वर्षं झाली.

पण भीतीबद्दल लिहिलंत ते खरं आहे. माझ्या सासूबाईंनाही तीच भीती होती, हे मला फार उशिरा कळलं.

---

माजघर

सुतकाचं उदाहरण चुकलं. ते मागे घेतो. विधीबद्दलचं मत मात्र तेच आहे.

---

उसाचा_मळा

आमचं गाव शिरोळ तालुक्यातलं, हेरवाडपासून लांब नाही. ४ मे २०२२ ला हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला: कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, जोडवी काढायची नाहीत. दोन आठवड्यांच्या आत, १७ मे ला, राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनीही असंच करावं म्हणून परिपत्रक काढलं. तेव्हा टीव्हीवाले आले, सगळं झालं.

मला त्यातलं एवढंच सांगायचंय की ठराव झाला म्हणजे घराघरात झालं असं नाही. पण ठरावामुळे एक झालं. आधी हा विषय मयताच्या दिवशीच निघायचा, म्हणजे ज्या दिवशी कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. आता पारावर, डेअरीत दूध घालताना लोक बोलले. माझे चुलते विरोधात होते, अजून आहेत. पण मागल्या वर्षी आमच्या भावकीत एक तरणा पोरगा गेला तेव्हा बांगड्या फोडायला कोण पुढं आली तर चुलतेच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, तिला इच्यारा." मत बदललं नाही त्यांचं. पण आधी दोन वर्षं बोलून झालं होतं ना, म्हणून त्या दिवशी ते शब्द तोंडात आले.

तुमच्याकडे लग्नाला महिना आहे म्हणता. तो वेळ वापरा.

---

रानवाट

मी चंद्रपूरचा, कामानिमित्त गडचिरोलीत बरंच फिरणं झालं. धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा सगळ्यांना सामूहिक वनहक्कासाठी माहीत आहे, २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा हक्क मिळाला म्हणून. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणाही त्यांचीच. मला त्या गावाची वेगळी गोष्ट सांगाविशी वाटते.

तिथे निर्णय बहुमताने होत नाही, सर्वांच्या सहमतीने होतो. एक जण जरी नाही म्हणाला तरी विषय पुढे ढकलतात. बाहेरच्या माणसाला वाटतं, मग काही ठरतच नसेल. ठरतं, कारण ग्रामसभेच्या आधी अभ्यास गट असतो. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी ही पद्धत गावाबरोबर रुजवली. अभ्यास गटात कुणीही येतं, बाहेरचा माणूसही बोलतो, वाटेल तो प्रश्न विचारता येतो. पण तिथे निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि तो गावाचाच.

ह्याचा परिणाम काय होते, तर अभ्यास गटात माणूस हरत नाही. काही ठरणारच नाही म्हटल्यावर मागे सरायला लाज नसते. "मला अमुक भीती वाटते" असं तो बोलून जातो. निर्णयाच्या बैठकीत तो हे कधीच बोलत नाही, तिथे तो फक्त हो किंवा नाही म्हणतो. दारूबंदीसारखा विषयही तिथे एका बैठकीत सुटला नाही, बोलत राहिले.

तुमच्याकडे जेवणाच्या ताटावर एकदम निर्णयच मांडला गेला: पहिला हात आईचा, नाहीतर मी येत नाही. मधली पायरीच नव्हती. एकदा बसा आणि आधीच सांगा की आज काही ठरवायचं नाही. अन् आई त्या बैठकीत पाहिजे.

---

शेवंती

हे "आज काही ठरवायचं नाही" मला फार आवडलं. आमच्या घरातही करून बघणार आहे, विषय वेगळा आहे, जमिनीचा.

---

कृष्णाकाठ

दहा दिवसांनी लिहिते आहे. शनिवारी गावी गेले होते. आधी आईशी बोलले. तिला विचारलं तर म्हणाली, "मला काय इच्यारतीस, तुमी ठरवा." मग रात्री अंथरूण घातल्यावर, दिवा मालवल्यावर, आपणहून बोलली. ते पुढे लिहिते.

रविवारी सकाळी काकांकडे मी एकटी गेले. भावाच्या बोलण्याबद्दल माफी मागितली, मुद्द्याबद्दल नाही, तेही स्पष्ट सांगितलं. म्हटलं, संध्याकाळी या, आज काहीच ठरवायचं नाही, फक्त बोलायचं. काका काही बोलले नाहीत. पण धारा काढून झाल्यावर काकूला घेऊन आले आणि मागच्या ओट्यावर बसले.

बराच वेळ उसाच्या तोडणीबद्दलच बोलणं चाललं. भाऊ चुळबुळत होता, मी त्याला डोळ्यांनी थांबवत होते. शेवटी काकूनेच तोंड फोडलं. म्हणाली, "तुमच्या आईचं सांगा की पोरांना."

आम्हाला हे कुणालाच माहीत नव्हतं. आजोबा लवकर गेले हे ठाऊक होतं. काकांच्या लग्नात आजीने हळदीचं ताट उचलून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत ठेवलं होतं, एवढंच, कुणीतरी वाटेत ठेवलं होतं म्हणून. पुढच्या वर्षी काकांचं पहिलं मूल पाळण्यात गेलं. भावकीतल्या बायकांनी त्याचा संबंध त्या ताटाशी लावला. आजी मरेपर्यंत ते ऐकत होती. तिने नंतर कुठल्याच लग्नात घराबाहेर पाऊल टाकलं नाही. काका म्हणाले, "माझ्या आईला जे ऐकावं लागलं ते वहिनीला नको. तुमी पुण्याला जाताल. हितं ती ऱ्हाणाराय."

भाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, आजीला बोलणाऱ्या बायका चुकल्या होत्या का नाही?" काका म्हणाले, "चुकल्याच." "मग?" त्यावर काका गप्प.

तेव्हा आई बोलली, आदल्या रात्री मला सांगितलं होतं तेच. आम्ही दोघं बहीणभाऊ तिच्या वतीने इतकं भांडलो होतो आणि तिचं म्हणणं आमच्या दोघांच्याही ध्यानात नव्हतं. ती म्हणाली, "मला पयला हात नको. सवाष्णी बसू देत, पाच काय सात बसू देत. मला कुंकूबी नको. पण मी आतनं सांगणार न्हाय. मी बाहेर बसून म्हणणार."

एवढंच तिला हवं होतं. जात्याजवळ बसून ओव्या म्हणायच्या.

ठरलं काही नाही, ठरवायचं नव्हतंच. काका उठताना फक्त एवढं म्हणाले, "जात्याला टाकी लावून दगड खरबरीत करून घ्यायला पायजे. दोन वर्षं नुसतं पडून हाय."

---

काळी_माती

कृष्णाकाठ, आईंना माझा नमस्कार सांग.

मी खरं ते लिहिते. मला हे अर्धं वाटतं. "पहिला हात नको" हे तिला मनापासून नको आहे, की अकरा वर्षांत मागायची सवय मोडली म्हणून नको आहे, हे तुला कळायला मार्ग नाही. कदाचित तिलाही नाही. पण तिने मागितलंय ते तिचं आहे, त्यात मी किंवा तू भर घालायची नाही, हेही कळतं. तुझ्या आजीचं वाचून मात्र मी खूप रडले. त्या ताटाचं. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत.

---

माजघर

सवाष्णींनी दळायचं आणि आईंनी शेजारी बसून म्हणायचं, याला माझा विधीच्या दृष्टीनेही काही आक्षेप नाही. उलट ओव्या येणारं माणूस आत बसवून अंगण मुकं ठेवणं हेच चुकीचं होतं. काळी_माती यांना हे अर्धं वाटतं, मला पुरेसं वाटतं. यावर आमचं एकमत होणार नाही. काकांचं मूल गेलं त्याबद्दल वाचून फार वाईट वाटलं.

---

रानवाट

भावाशी पण बोला. त्याने मोठ्या मनाने काही मागितलं होतं, ते आईने नाकारलं, हे त्याला लागलं असेल.

---

कृष्णाकाठ

लागलंय. पुण्याला येताना बसमध्ये आमचं त्यावरूनच वाजलं. तो म्हणतो, आई भिऊन बोलली. मी म्हणते, तिला जे हवंय तेच बोलली. काळी_माती, तुम्ही लिहिलंय तसं, नक्की कळायला मार्ग नाही. तो पुढच्या शनिवारी एकटा जाऊन तिच्याशी बोलणार आहे.

काकांनी अजून हो म्हटलेलं नाही. आईचा पाट जात्याजवळ टाकायचा की ओट्यावर, हेही ठरायचंय. पण काल काकूचा फोन होता, कराडहून टाकी लावणारा माणूस येऊन गेला. जातं धुऊन अंगणात उन्हाला ठेवलंय, काकांनीच उचलून आणलं.

आणि आई रोज रात्री फोनवर ओव्या सांगते, मी लिहून घेते. "पहिली माझी ओवी" पासून सुरुवात केली, काल तेविसावी झाली. मधल्या दोन तिला आठवत नाहीत. त्या गल्लीतल्या एका म्हातारीला येतात म्हणे, उद्या तिच्याकडे जाऊन विचारणार आहे. ती बाईपण विधवाच आहे. आई म्हणाली, तिलाबी बोलवू का गं?